तिसरा चौकोन

नसीम मॅडम कुणाचाही प्रोग्राम तपासायला बसल्या की कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि आधी चेकबॉक्स बघायच्या. एखाद्या चौकोनात आधीच खूण दिसली की विचारायच्या, "कुणाला विचारून हो म्हणलाव?"

धाराशिवला बसस्टँडमागं त्यांचा क्लास होता. पंचेचाळिसाव्या वर्षी मी तिथं शिकायला गेलो, ते घरी फुशारकी मारून, की आमच्या वधूवर मंडळाचा नोंदणीचा प्रोग्राम मीच लिहिणार. वर्गातली पोरं माझ्या चुका काढायची आणि वर 'काका' म्हणायची.

प्रोग्राम झाला. एकही खूण आधी ठेवली नव्हती, त्यामुळं मी निर्धास्त. चाचणीपुरती घरचीच नावं भरली होती. मॅडमनी नेमकं जळकोटच्या अक्काचं उघडलं. अक्का माझी थोरली बहीण. दाजी जाऊन नऊ वर्षं झालेली. 'पुनर्विवाहास तयार' हा तिचा चौकोन कोरा होता.

"कोरा म्हंजे?"

"म्हणजे नाही."

"ती न्हाय म्हणली?"

"तसं नाही, पण आता या वयात..."

"वय तुमी मोजताव. चौकोन तिचा हाय."

मग त्यांनी चेकबॉक्सची तिसरी अवस्था शिकवली. खूण नाही, कोरं नाही. चौकोनात नुसती आडवी रेघ. "हे हो बी न्हाय, न्हाय बी न्हाय. अजून विचारलंच न्हाय. रेघ हाय तवर नोंद पुरी होऊ द्यायची न्हाय."

तसं केलं. अक्काची नोंद अडकली. मी पुन्हा कोडमध्ये डोकं घालणार, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. जळकोटची बस कितीला हाय?"

अक्का तूर निवडत होती. मी चाचरत विचारलं, रेघेचंही सांगितलं. तिचे हात थांबले.

"तुझे दाजी गेल्यापासनं समद्यांनी सांगितलं, असं कर, तसं करू नगं. विचारलं कुणी न्हाय रे." मग सूप उचलत म्हणाली, "रेघ ऱ्हाऊ दे. बघते."

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. "तू खूण करू नगं. म्या येते."

आली. मॅडमनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. माउस तिच्या हातात ठरेना. बाण चौकोनाच्या आसपास नुसता भिरभिरत होता. मला राहवेना, मी मदतीला हात पुढं केला.

मॅडमनी माझं मनगट धरून मागं ओढलं आणि खूण उमटेपर्यंत सोडलं नाही.