झेंडूची माळ घातलेली पेटी

तिने पेशी वाढवायच्या पेटीला हात लावला आणि तो लगेच मागे घेतला. "मावशी, ही गार कशी?"

दारावर झेंडूची सुकलेली माळ, काचेवर हळदीकुंकवाची बोटं, बटण बंद. आतल्या बशांतलं गुलाबी पाणी जांभळं पडलं होतं. सूक्ष्मदर्शकातून बघून ती म्हणाली, "गेल्या सगळ्या."

मी भूगावची. जमीन बिल्डरला गेल्यावर प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले. ती अकोल्याकडची, तिथे संशोधन करायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एका प्रश्नावर आयुष्य काढणारी. ती जाता येता पेटीला हात लावायची, माझ्या चहाच्या कपालाही. "ऊब आहे ना, मावशी?"

पेशीतली प्रथिनं चमकतील असं तिने काही केलं होतं. त्यात वर्षं गेली. ती प्रथिनं जनुकापाशी घोळका करतात, जनुकाची नक्कल निघते, घोळका पांगतो. मेलेल्या पेशीत नुसता घोळका दिसतो. आधी काय आणि मागून काय, ते जिवंत पेशीतच कळणार.

मी म्हटलं, "आमची इरजिकच की. भातलावणीला सगळी एकाच्या खाचरात उतरत्यात, झालं की घरी."

"आधी माणसं जमतात, की आधी लावणी सुरू होते?"

"भात लागल्याशी मतलब. तुला काय करायचंय?"

"मला तेवढंच तर करायचंय," ती हसून म्हणाली.

प्रयोगशाळेतला वायरमन आमच्याच गावचा. खंडेनवमीला यंत्र पुसायचं, पुजायचं आणि थांबवायचं, हे त्याच्या घरचं वळण. ती सुट्टीला गावी गेलेली. ही पेटी कधीच थांबत नाही, म्हणून त्याने तिला सगळ्यांत मोठी माळ घातली आणि बटण बंद केलं.

तो हात जोडून तिच्यापुढे उभा राहिला. "ताई, वरीसभर राबती, म्हणून इसावा दिला वो."

तिने माळ उतरवून ठेवली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, दादा."

प्रयोगशाळेच्या साहेबांना तिने सांगितलं, वीज गेली होती. तेव्हा भारनियमन असं होतं की त्यांना खरं वाटलं. मला तिचं ते खोटं बोलणं पटलं नाही. आजही पटत नाही.

गोठवून ठेवलेल्या पेशी तिने उठवून पाहिल्या. त्या चमकेनात. पुढे तिच्या कामाची मुदत संपली आणि ती गेली. आधी काय होतं ते दुसऱ्या कुणी पाहिलंही असेल. तिने पाहायला हवं होतं.

पेटीतली पेशी एकही जगली नाही. वायरमनची नोकरी राहिली.