मास्तरांच्या कोटाचं मार्जिन

मास्तर स्वतःच्या दुकानात रोज कोट घालून बसायचे. कितीही उकडो, कोट अंगावर. गिऱ्हाइकानं आधी शिंप्याकडे बघावं आणि मग कापडाकडे, असं त्यांचं म्हणणं. दुकानाच्या पाटीचा रंग कधीच उडाला होता, पण कोट असा बसलेला की नाव ठेवायला जागा नाही. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, "मास्तर, तुमच्या कोटाला इस्त्री लावायला माझा हात धजत नाही, तुम्हीच करा." मग मास्तर स्वतःच करायचे, आणि विजेचं बिल इस्त्रीवाल्याचं वाचायचं.

मास्तरीण म्हणजे त्यांची बायको. काजं, बटणं, तुरपाई, अस्तर, हातशिलाईचं सगळं तिच्याकडे. निम्मं दुकान आपल्या बोटांवर चालतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, फक्त ती तसं बोलून दाखवत नसे. दोघं समोरासमोर बसून इतकी वर्षं काम करत आली होती की बोलायची फारशी गरजच उरली नव्हती. त्यात मास्तरांच्या ओठांत कायम टाचण्या. टाचण्या नसल्या तर सिगारेट. "ह्यांचं तोंड मी लग्नात एकदाच मोकळं बघितलं," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि मास्तर टाचण्यांच्या आडून हसायचे.

त्यामुळे घशात टोचायला लागलं तेव्हा मास्तरांनी सरळ ठरवून टाकलं की टाचणी गिळली गेली. शिंप्याच्या घशात दुसरं काय टोचणार? ते वाट बघत बसले. एक ऋतू असाच गेला. मग मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली आणि मास्तरणीनं दुकानाचं शटर ओढून त्यांना दवाखान्यात नेलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या होत्या. जिभेच्या मुळाशी कॅन्सर होता, मानेतली गाठ त्याचीच. टाचण्यांचा काही संबंध नव्हता, सिगारेटचा होता. "किरणांचा शेक आणि किमो बरोबरच देऊ," त्या म्हणाल्या. "बरे होण्याची शक्यता चांगली आहे. पण मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की आजाराला उसंत मिळते." त्या बरंच काही बोलल्या. लाळ सुकेल, चव जाईल, गिळताना त्रास होईल. मास्तरीण बाकीचं विसरली आणि खंड तेवढा लक्षात ठेवला.

शेक देताना डोकं जराही हलू नये म्हणून चेहऱ्याचा मास्क करतात. जाळीसारखं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करायचं, तोंडावरून मानेपर्यंत दाबून बसवायचं आणि निवू द्यायचं. मग रोज तोच मास्क चढवून टेबलाला खटके लावून आवळायचा. शेकाच्या मशीनवरची मुलगी हे सगळं समजावत होती आणि मास्तर जाणकाराच्या नजरेनं बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "माप न घेता थेट अंगावर बेतणारा शिंपी आज पहिल्यांदा बघितला. पण फिटिंग चोख आहे हो." ती मुलगी हसली. मास्तरीणही हसली. बरेच दिवस पुरावं असं ते शेवटचं हसू होतं.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग तोंड आलं. आधी भाकरी सुटली, मग भात, मग पेज. मानेची कातडी काळवंडून सोलवटली, तिथं कॉलर लागू देईनात. आठवड्याच्या किमोनंतर कानात किडे ओरडल्यासारखा आवाज राहायचा आणि बोटांची टोकं बधिर व्हायची. नाकातून नळी घातली, त्यातून ती दूध आणि पातळ केलेलं अन्न सोडायची. मास्तर बोलेनासे झाले. टाचण्या नसतानाही.

आणि मास्तरीण? तिला काही वाटेनासं झालं होतं. लोक विचारायचे, "रडू येतं का हो?" येत नव्हतं. ती उठायची, नळी धुवायची, बस पकडायची, बाकावर बसायची, नाव पुकारलं की त्यांना आत सोडायची, बाहेर आले की त्यांच्या गालावर उमटलेली जाळी बघायची. घरी आली की तुरपाईला बसायची. एकदा सुई नखाखाली गेली तेव्हा रक्त कापडाला लागलं म्हणून तिनं हळहळ केली, बोटाचं तिला कळलंच नाही. किमो आपल्यालाही चढली की काय, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

कोट मात्र मास्तरांनी सोडला नव्हता. हॉस्पिटलात रांगेत बसलेल्या लोकांत कोटवाले ते एकटेच. अंगातलं मांस उतरत गेलं तसा कोट खांद्यावरून लोंबायला लागला, आणि शिंप्याला दुखण्यापेक्षा हे जास्त लागलं. एका दुपारी त्यांनी कोट तिच्या पुढ्यात टाकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाजूनं दाबून घे. कापू नकोस."

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. चांगला शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला मार्जिन म्हणतात. माणूस सुटला की शिवण उसवायची आणि मार्जिन बाहेर काढायचं. दाबलेलं कापड आत राहतं, वाट बघत. मास्तरांनी सांगितलं नसतं तरी ती कापणार नव्हती. पण त्यांनी सांगितलं, याचं तिला बरं वाटलं. त्या सबंध काळात बरं वाटलेली ती एकच गोष्ट.

कोट दाबता आला, मास्क कसा दाबणार? गाल आत गेले आणि मास्क ढिला पडायला लागला. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, काहीही करून वजन धरून ठेवा. अजून ढिलं झालं तर नवीन मास्क, नवीन स्कॅन, सगळं परत आखायला लागेल. काही दिवस शेक थांबवावा लागेल."

थांबवावा लागेल म्हणजे खंड. घरी आल्यावर मास्तरांनी कपाटातून कोटाच्या खांद्याचं पॅडिंग काढलं, त्यातला कापूस चिमटीत धरला आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. तिला लगेच कळलं. उतरत्या खांद्याच्या माणसाला ताठ खांदे देण्यात ह्या दोघांचा जन्म गेला होता. जिथं अंग कमी तिथं भर घालायची, फिटिंग बसलं की काम झालं. मास्तरांच्या बोटांत जीव नव्हता म्हणून शिवलं तिनंच. मऊ मलमलीचे दोन छोटे उशीसारखे तुकडे, उकळून घेतलेले. घशाकडे सरकू नयेत म्हणून प्रत्येकाला एक लांब दोरा, ओठाच्या कोपऱ्यात दाबून धरायला. आत जाताना मास्तर तोंडाला रुमाल लावून ते गालात बसवायचे. आलेल्या तोंडात कापूस. काय होत असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

"काका, आज छान बसला की," मशीनवरची मुलगी म्हणाली. मास्तरणीनं बाहेर ते ऐकलं आणि तिला हुशारी वाटली.

काही दिवसांनी शेक द्यायच्या आधी मशीनवरच तपासणीचे फोटो घेतले आणि ती मुलगी धावत आत गेली. मग डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरणीला आत बोलावलं, तेव्हा टेबलावर ट्रेमध्ये ते दोन तुकडे ओले पडलेले होते, दोऱ्यांसकट.

"चेहरा आवळलेला, माणूस पाठीवर उताणा, आणि तोंडात हे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घशात गेलं असतं म्हणजे?"

"दोरा ठेवला होता ओढायला," मास्तरीण म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं.

"मी केलं," मास्तर म्हणाले. "तिला ठाऊक नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांकडे पाहिलं, एकदा त्या बारीक, एकसारख्या टाक्यांकडे, आणि ते तसंच सोडून दिलं. त्यांचा आवाज खाली आला. "मास्क घट्ट बसला म्हणजे काम झालं असं नसतं हो. मला मास्कचं माप नको, तुमचं हवंय. आत भर घातली की जबडा सरकतो, आणि किरणं जिथं पडायला हवीत तिथंच पडली असतील असं मला म्हणता येत नाही."

"याच्यामुळे आता..." मास्तरणीनं विचारलं.

"फरक पडेल की नाही, मला सांगता येणार नाही. उगाच धीर देणार नाही मी."

नवीन मास्क झाला, नवीन स्कॅन झाला. खंड पडायचा तो पडलाच. पुढचे सगळे शेक पुरे झाले, किमोही झाली, आणि एका सकाळी मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, संपलं. आता तीन महिन्यांनी स्कॅन. त्याच्या आत केलं तर सूज असते, खरं काय ते कळत नाही."

हे तीन महिने कसे गेले हे मास्तरणीला धड सांगता येत नाही. नाकातली नळी निघाली. मास्तर दुकानात येऊन बसू लागले. पण सुईत दोरा ओवायला गेले की दोऱ्याचं टोक ओलं होईना, तोंडात लाळच नव्हती. बाटलीतलं पाणी बोटाला लावून बघितलं, तर बधिर चिमटीतून दोराच निसटायचा. मग ती समोरून काही न बोलता सुया ओवून द्यायची. इस्त्रीवाला अधूनमधून डोकावून म्हणायचा, "तब्येत धरलीय हं मास्तर आता." तो बिचारा चांगल्या मनानं खोटं बोलायचा. मास्तरीण मान हलवायची. तिच्या डोक्यात ट्रेमधले ते दोन ओले तुकडे होते. टाके माझे, एवढंच ती मनात म्हणायची. त्याच्या पुढं तिचं मन जायचंच नाही, खुंटीला बांधल्यासारखं तिथंच फिरायचं.

स्कॅन जवळ आला तशी एक दिवस ती बाजारातून परतली, तर कोट खुंटीला होता आणि मास्तर शिलाई मशीनकडे पाठ करून बसले होते. कोटाची कड जरा वेगळी पडलेली दिसली. तिनं हात लावला. आत जिथं दाबलेल्या कापडाची जाड घडी लागायची तिथं काहीच लागलं नाही. अस्तर उसवून परत शिवलं होतं, टाके वाकडेतिकडे, एक लांब, एक आखूड. इतके वाईट टाके त्या दुकानात कधी कुणी घातले नव्हते.

"कापलंत?" तिनं विचारलं.

"खुपत होतं," मास्तर म्हणाले.

खुपत असेलही. पण शिंपी मार्जिन कधी कापतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ज्याचं अंग आता भरणार नाही, त्याचंच कापतात. ती चिंध्यांच्या पोत्याकडे गेली. वरच पडल्या होत्या त्या पट्ट्या, लांबच लांब. तिनं त्या गुंडाळल्या आणि बटणांच्या डब्यात ठेवल्या. त्या दिवशी तरी रडू यायला हवं होतं. नाही आलं.

स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला दोघं गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र बराच वेळ वरखाली केलं. मास्तरीण पडद्याकडे बघतच नव्हती, ती डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही बघत होती. बाहीची कड एका बाजूला उसवली होती.

"आजार दिसत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिभेपाशी नाही, मानेतही नाही. अजून काही वर्षं तपासायला यावं लागेल. लाळ पहिल्यासारखी येणार नाही कदाचित, बोटांचंही सांगता येत नाही. पण आजार दिसत नाहीये." मग त्यांनी ह्या दोघांकडे पाहिलं. "ऐकलंत ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

"हो," मास्तरीण म्हणाली.

ऐकलं होतं, पण ते कुठं पोहोचलं नव्हतं. बाहेर आल्यावर दोघं सवयीनं त्याच बाकावर बसली, जणू आत्ता नाव पुकारतील. मग उठली. बसमध्ये मास्तरांनी खिडकीशी डोकं टेकलं. "इस्त्रीवाल्याला सांगायला हवं," एवढंच ते म्हणाले.

दुकान उघडून मास्तरांनी कोट काढून खुंटीला लावला. तिनं तो उतरवला, मांडीवर घेतला आणि अस्तराचे ते वाकडे टाके एकेक करून उसवायला लागली. बाजूची शिवण उसवली. मग बटणांच्या डब्यातून पट्ट्या काढल्या, एकीला एक जोडत शिवणीच्या दोन कडांच्या मधे धरून बघितल्या.

मास्तर बघत राहिले. पट्ट्या त्यांनी ओळखल्या.

"जोड दिसेल," ते म्हणाले. सबंध आयुष्यात त्यांनी जोड दिसेल असं काम दुकानातून बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"दिसू दे," मास्तरीण म्हणाली.

तिनं सुई उचलली आणि दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करायला गेली. दोरा काही केल्या सुईच्या नेढ्यात जाईना. डोळ्यांपुढे सुईच दिसत नव्हती, सगळं पाण्यात बुडालं होतं. कितीतरी महिन्यांनी. मास्तर उठून तिच्याशेजारी बसले, तिच्या हातून सुई घेतली, आणि ज्या बोटांना काहीच लागत नव्हतं त्या बोटांनी दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिले.