फलाटबाईने दुरुस्त केलेलं हृदय

फलाटबाई हे तिचं खरं नाव नव्हे. पण बस स्टँडवरच्या काचेच्या खोलीत माईकसमोर बसून तिने उभी नोकरी कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हेच सांगण्यात काढली. खरं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं. बाहेर सगळे 'बाई' म्हणत. घरी नवरा 'अगं ए' म्हणे, आणि तेवढ्यावर ती ओ देई.

माईकपुढे बसण्याआधी कंट्रोलरकडून चिठ्ठी यायची आणि तिने ती वाचायची, एवढंच काम. पण फलाटबाई चिठ्ठी तशीच्या तशी कधी वाचत नसे. आधी खिडकीतून वाकून बघे, गाडी खरंच तिथे लागली आहे का. एकदा चिठ्ठीत फलाट चुकला होता. तिने परस्पर दुरुस्त करून सांगितला आणि गर्दी बरोबर गाडीत चढली. कंट्रोलर म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे वाचलो." हे वाक्य तिच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते कायमचं. तेव्हापासून समोर आलेल्या प्रत्येक कागदाकडे ती, यात काहीतरी चुकलंय आणि ते आपल्यालाच दिसणार आहे, अशाच नजरेने बघू लागली.

मग स्टँडवर आपोआप बोलणारं मशीन आलं आणि फलाटबाई घरी बसली. बसली म्हणजे नुसतं म्हणायचं. पायाला भिंगरी लावलेली बाई, ती कसली बसते! स्वयंपाकघरातले डबे सकाळी एका फळीवर तर दुपारी दुसऱ्या. नवऱ्याला साखर सापडेना. तो डेपोत वायरमन होता, स्वभावाने थंड. त्यालाही शेवटी राहवेना. "तुझ्या तोंडाला काहीतरी काम दे बाई," तो म्हणाला, "नाहीतर एक दिवस मला मीठ घालून चहा प्यावा लागेल."

काम मिळालं ते स्टँडवर पेनं विकणाऱ्या एका आंधळ्या माणसामुळे. भाजी घेऊन परत येताना तिचा आवाज ऐकून तो म्हणाला, "बाई, गाड्या तुम्ही इतक्या छान वाचायच्या. आमची शाळेची पुस्तकं कुणी अशी वाचली असती तर मीही परीक्षा पास झालो असतो." त्याने ते सहज म्हटलं. फलाटबाईला मात्र त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

वायरमनने ऑफिसच्या भंगारातून एक जुना लॅपटॉप रीतसर मागून आणला आणि त्यात आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलेलं आणि जगाला वापरायला देऊन टाकलेलं. स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. दारांना रजया टांगल्या. जुन्या इअरफोनचा माईक मोज्याच्या तुकड्यात गुंडाळला, पळीला बांधला आणि पळी तांब्यात उभी केली. फलाटबाई कपाटात डोकं घालून वाचायची आणि बाहेरून तिची फक्त पाठ दिसायची. गॅसवाला एकदा ते दृश्य बघून सिलिंडर दारातच ठेवून पळाला.

प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला ती म्हणे, "मी फलाटबाई. हा धडा फुकट आहे. कुणीही घ्या, कुणालाही द्या, हवा तसा वापरा." मग मजकूर. आणि पुस्तकात चित्र आलं की चित्रात काय दिसतंय ते शब्दांत. हे तिचं स्वतःचं डोकं. "ज्याला दिसत नाही त्याला 'शेजारील आकृती पाहा' म्हणायचं म्हणजे थट्टाच की," ती म्हणे, आणि त्यात तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

धडे लोकांपर्यंत न्यायची युक्ती वायरमनची. टाकून दिलेल्या वायफायच्या डब्या त्याने जमवल्या, प्रत्येकीत एक पेनड्राइव्ह खोचला आणि साहेबांची परवानगी काढून त्या डेपोच्या गाड्यांत बॅटरीला जोडल्या. इंटरनेट लागत नाही, पैसा लागत नाही. गाडीत बसायचं, फोन डबीला जोडायचा, धडा उतरवून घ्यायचा. जिथे फोनला रेंज नाही अशा गावांतही गाडी जातेच. पुढे एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या फोनवरून तिसऱ्याच्या. कुणाकडे काय गेलं याचा पत्ता कुणालाच नव्हता, आणि दोघा नवराबायकोंना याचाच भारी अभिमान होता.

शास्त्राच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तिचा फोन वाजला.

"फलाटबाई का? मी हॉस्पिटलची ऑपरेटर. मला दिसत नाही, फोनवर बसते. तुमचे धडे ऐकून या वयात परीक्षेला बसलेय. तुमचा नंबर कसा मिळवला ते विचारू नका, नंबर काढणं हेच माझं काम. आता मला एक सांगा, हृदयाचा सगळ्यात जाड भिंतीचा कप्पा कुठल्या बाजूचा?"

"उजव्या," फलाटबाई ठणकावून म्हणाली.

"आमच्या सिस्टर म्हणतात डाव्या. मी तुमचा धडा म्हणून दाखवला तर पोट धरून हसल्या. म्हणाल्या, असलं हृदय घेऊन कुणी पेशंट आला तर आधी मला बोलवा."

"पुस्तकात छपाईची चूक होती," फलाटबाई म्हणाली. "मी ती दुरुस्त केलीय."

आणि तिने खरंच केली होती. पुस्तकात लिहिलं होतं, डावा कप्पा. चित्रात तर जाड भिंत स्पष्ट उजवीकडे दिसत होती. त्याच भिंतीवर बारीक अक्षरात 'डावा' असं छापलेलं बघून तिने कपाळाला हात लावला होता, काय हा छापखान्याचा गलथानपणा! भूगोलाच्या पुस्तकात एका नकाशाखाली भलत्याच नकाशाचं नाव छापलेलं तिनेच पकडलं होतं, तेव्हा तिचा हात आधीच सरसावलेला. सगळ्या धड्यात जिथे डावा तिथे उजवा, जिथे उजवा तिथे डावा. वर 'वाचले बिचारे' असं समाधानही मानलं होतं.

तिने पुस्तक नवऱ्यापुढे आपटलं. वायरमनने चित्र बघितलं, मग तिच्यासमोर तोंड करून उभा राहिला आणि एक हात वर केला.

"हा माझा कुठला हात?"

"डावा."

"तुझ्या कुठल्या बाजूला आहे?"

फलाटबाईच्या तोंडचं पाणी पळालं. चित्रातला माणूस तिच्याकडे तोंड करून उभा होता, आणि हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांनी तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला होता. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

तिने लगेच ऑपरेटरला फोन लावला. "तुमच्या सिस्टर बरोबर आहेत. माझा आगाऊपणा नडला."

"माझं भागलं हो, मला आता कळलं," ऑपरेटर म्हणाली. "पण बाकीच्यांचं काय? उद्या आमच्यासारखे लेखनिक घेऊन बसणारे सगळे हॉस्पिटलमागच्या शाळेत येणार. तिथे तुमचा धडा न ऐकलेला माणूस शोधून सापडणार नाही."

त्यानंतर त्या घरात कुणी बूड टेकलं नाही. फलाटबाईने कपाटात शिरून धडा पुन्हा वाचला, घाईत तांब्या दोनदा कलंडला. वायरमनने डेपोत जाऊन उभ्या असलेल्या गाड्यांमधला धडा बदलला. पण ज्या गाड्या लांबच्या गावी मुक्कामाला गेल्या होत्या त्या गेल्याच होत्या. आणि फोनमधून फोनमध्ये गेलेल्या धड्याला कुठल्या फलाटावर गाठायचं?

"कुणीही घ्या, कुणालाही द्या," ती खोलीत येरझाऱ्या घालत स्वतःलाच वेडावून दाखवत होती. "घेतलं की सगळ्यांनी! आता आणा परत!"

"अगं, एका प्रश्नाने कुणी नापास होत नाही."

"तो प्रश्न माझ्या भरवशावर चुकणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं." मग तिला वाटलं, त्याला सगळं कळतं आहे, म्हणूनच तो बिचारा अजून जेवला नाही.

सकाळी शाळेचं गेट उघडायच्या आधी ती तिथे हजर. एकेक जण येऊ लागले, कुणी काठी टेकत, कुणी बहिणीचा दंड धरून, कुणी आपल्या लेखनिकाशी भांडत. यांच्यातलं कुणीच तिच्या ओळखीचं नव्हतं. एकेकाला अडवून काय सांगणार? तिने घसा खाकरला.

"ऐका हो जरा..."

गेटासमोरच्या सगळ्या माना एकदम वळल्या.

"फलाटबाई!" कुणीतरी ओरडलं. "अहो, या तर आपल्या बाई!" काठ्या तिच्या दिशेने सरकल्या. एका म्हातारीने चाचपत तिचा हात धरला आणि सोडेचना. गर्दीतून ऑपरेटरचा आवाज आला, "आता सांगा त्यांना, बाई."

"हृदयाच्या धड्यात माझी चूक झालीय," फलाटबाई धापा टाकत म्हणाली. "डावा आणि उजवा कप्पा मी उलटे सांगितलेत. जाड भिंत डावीकडची. माफ करा मला."

मग एक हडकुळा माणूस म्हणाला, "ते होय! ते तर दुरुस्त झालंय केव्हाच."

त्याने फोन काढून धडा लावला. फलाटबाईचा आवाज ओळखीच्या ठसक्यात वाचत होता. हृदयापाशी आल्यावर तो थांबला आणि मध्येच एक परका, जरासा घोगरा पुरुषी आवाज आला. "इथे बाईंनी डावं-उजवं उलटं सांगितलंय. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. आता बरोबर ऐका." त्याने तेवढा भाग शांतपणे सांगितला. शेवटी म्हणाला, "बाकी धडा चोख आहे. पुढे बाईच." आणि पुन्हा तिचा आवाज सुरू झाला.

"कोण हा?" तिने विचारलं.

"काय माहीत! आम्हाला असाच मिळाला. परीक्षेचे फॉर्म भरले तेव्हापासून हाच फिरतोय."

"मला नाही मिळाला तो," ऑपरेटर कुरकुरली. "मी आपली गाडीतला जुनाच ऐकत बसले."

फलाटबाईला हायसं वाटलं. आणि त्याच वेळी झोंबलंही. आपल्या स्वयंपाकघरात कुणीतरी शिरून डबे नीट लावून गेलं, आणि आपल्याला पत्ताही नाही.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती जरा चिडूनच म्हणाली.

"सांगणार कुठे, बाई?" हडकुळा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "कुणीही घ्या, कुणालाही द्या, असं तुम्ही दर धड्याला सांगता. चूक सापडली तर कुणाला कळवा, ते कधी सांगितलंत? तुमचा खोकलासुद्धा आम्ही ओळखतो. पण तुम्ही राहता कुठे ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही."

काचेच्या खोलीतून इतकी वर्षं बोलली, मग कपाटातून बोलली, पण ऐकणारा उलट काही म्हणेल याची सोय तिने दोन्हीकडे ठेवली नव्हती. तिला आपली शरम वाटली, आणि तो घोगरा आवाज तिला आता मुळीच परका वाटेना.

तिने आपला नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा, आणि मग पुन्हा एकदा. सगळ्यांनी तो फोनमध्ये घेतला. तेवढ्यात घंटा झाली आणि गर्दी आत सरकू लागली. हडकुळा माणूस दोन पावलं गेला आणि थांबला.

"बाई, भेटलातच म्हणून सांगतो. इतिहासातही आहेत."

"काय आहेत?"

"चुका. चार-पाच असतील."

"सांगा, लगेच सांगा," फलाटबाई पर्समध्ये पेन शोधत म्हणाली.

"आधी पेपर तर देऊ द्या! सुटल्यावर सांगतो."

तो हसत आत गेला आणि गेट लागलं. वायरमन तिला न्यायला आला, चहाला चल म्हणाला, घरी चल म्हणाला. पेपर सुटेपर्यंत फलाटबाई गेटासमोरून हलली नाही.