मेणबत्ती वाढली

लग्न होऊन औरंगाबादला आले त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "देवापुढचा दिवा वाढव." मी इमानदारीत तेल घातलं, वात पुढं सरकवली. घरभर हसू. आमच्या पाचोडकडं बांगडी वाढते, नारळ वाढतो. दिवा मात्र सरळ विझवतात. सासर पडलं भटजींचं, तिथं 'विझला' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. माझी ही फजिती पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना चहाबरोबर मिळत राहिली. मला मनापासून राग यायचा.

मग पडेगावला प्लॉट घेऊन घर बांधलं. लागोपाठ दुष्काळ पडला, बोअर आटलं आणि सगळी कॉलनी टँकरवर आली. आमच्या प्लॉटच्या कोपऱ्यात फळ्यांनी झाकलेली जुनी विहीर होती. गाळ काढला तर झरा लागेल म्हणून माझा धाकटा भाऊ पाचोडहून आला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मेण वितळतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. पण जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. पेला पालथा घातला की ज्योत बारीक होत जाते, हे दरवर्षी मुलांना दाखवते. बंद विहिरीच्या तळाशी जड वायू साचून राहतो. जिथं ज्योत तगत नाही तिथं माणसानं उतरायचं नाही. म्हणून बादलीत मेणबत्ती पेटवून आधी ती खाली सोडली. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. "तुम्ही बघत राहा," असं सासूबाईंना सांगून मी हंडे घेऊन फाटकाकडं पळाले.

मागून, कमरेला दोर बांधता बांधता भावानं सासूबाईंना विचारलेलं ऐकू आलं, "मावशी, कशीय मेणबत्ती?"

"वाढली रे बाबा."

"वाढली ना? मग जातो."

हातातला हंडा टाकून मी मागं धावले. पोचले तेव्हा त्याचं डोकं काठाखाली गेलं होतं. सासूबाई गोंधळून म्हणत होत्या, "अरे, वाढली म्हणते ना मी."

"व्हय, आयकलं की," खालून उत्तर आलं.

मला ओरडायचं होतं. पण धावून धाप लागलेली. कसाबसा शब्द निघाला, "विझली." तो खाली जातच होता. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्यांना कळलं. काठावर ओणव्या होऊन त्या ओरडल्या, "विझली रे, विझली! वर ये!"

तो वर आला. मी त्याच्या पाठीत एक ठेवून दिली आणि रडत बसले. "मावशी तर वाढली म्हणल्या," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

देवापुढचा दिवा आमच्याकडं अजून वाढतो. मेणबत्ती मात्र सासूबाई तेव्हापासून विझवतात, आणि विझवली म्हणून घरभर ऐकू जाईल असं सांगतात.