कूलर गरम हवा फेकत होता, पण पंप जळला नव्हता

मंडळी, मेकॅनिकला फोन लावण्याआधी कूलरची टाकी एकदा उघडून बघत जा.

आज भर दुपारी आमचा कूलर नुसती गरम हवा फेकायला लागला. रायपूरचा मे महिना, त्यात सासरे नुकतेच तापातून उठलेले. पंखा फिरत होता, पण जाळीतल्या गवतावर पाण्याचा थेंब नाही.

"पंप जळला. मेकॅनिक भैयाले फोन करतो," नवरा म्हणाला. तो म्हणे उद्या येणार.

तोवर कोण थांबणार? मी आधी प्लग काढला, मग बाजूची जाळी काढून पंप वर उचलला. त्याच्या तोंडाशी कडुनिंबाच्या पानांचा हा एवढा लगदा! डास होऊ नयेत म्हणून सासूबाई रोज टाकीत मूठभर पाला टाकतात. तो सगळा पंपानं ओढून घेतला होता.

लगदा काढला, पंप धुतला, प्लग लावला. गवत भिजलं आणि सासऱ्यांचा डोळा लागला.

आता सासूबाईंना कसं सांगावं, या विचारात होते, तर त्याच आल्या. हातात ताजा पाला.

"झाला नं सुरू? मंग हा टाकीत टाकून दे. जुना तं तू काढून टाकला."

मी पाल्याची फडक्यात पुरचुंडी बांधली आणि टाकीत सोडली. खरं सांगा, तुम्ही तोंडावर सांगितलं असतं?