उजवा कौल

लोणावळ्यापासून दीड कोस आत, डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी होती आणि त्या वाडीत बायडाबाई. तोंडाची भलती फटकळ. रानातलं सरपण गोळा करायचं, मोळी डोक्यावर घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांवर विकायची, येताना मीठमिरची आणायची, असा तिचा जन्म चालला होता. एखादी गोष्ट मनातून उतरली की ती भांडत बसत नसे. बाजूला वळून पचकन थुंकायची आणि चालू लागायची. बंगल्यांवरचे खानसामे तिला मागून हसत, पण तिच्या मोळीत ओलं लाकूड निघालं असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

वाडीच्या वर वाघजाईची राई. राई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जुनं रान. आत पायताण घालून जायचं नाही, पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही. मागच्या पावसाळ्यात बायडाबाईची लेक चिंगी बाळंतपणाला आली. घरातलं सरपण भिजून चिंब, चूल पेटेना, ओली बाळंतीण थंडीनं काकडायला लागली. बायडाबाईनं राईतल्या एका झाडाच्या ढोलीत कोरडी राहिलेली फांदी ओढून आणली. झालं, खालच्या गावच्या पाटलानं, दत्तोबानं, देवी कोपली म्हणून चारचौघांदेखत तिला वाघजाईपुढं नाक घासायला लावलं. तिनं घासलं. देवीचं ते देवीचं, चूक आपलीच, असं तिलाही मनापासून वाटत होतं.

आणि आता दिवाळी सरल्यावर बंगल्यावर राहायला आलेल्या मुंबईच्या एका वकीलसाहेबांना हुक्की आली. डोंगरावर जायचं, माथ्यावर जेवायचं, झाडीत तबकड्यांचा फोनो वाजवायचा आणि दिवस बुडायच्या आत खाली उतरायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नव्हे. बेत ठरवायचा मान दत्तोबाला मिळाला, तेव्हापासून तो घरचं कार्य निघाल्यासारखा मिरवत होता. त्यांच्या बाईसाहेबांना चढ चढवत नव्हता, म्हणून खुर्चीची डोली, आणि डोलीला वाडीतले चार गडी. त्यात बायडाबाईचा नवरा बुधाही होता.

"नेहमीच्या वाटंनं लय वळसा पडतोय," दत्तोबा वाडीत येऊन म्हणाला. "डोली राईतनं न्यायची."

"राईत डोली शिरायची न्हाई पाटील," बुधा म्हणाला. "फांद्या आडव्या हायेत."

"मग तोडायच्या. देवीला इचारून तोडायच्या."

बायडाबाईसकट सगळे राईच्या तोंडाशी गेले. तिथं वाघजाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला बिनघडीचा दगड होता. दत्तोबानं दोन कळ्या ओल्या करून त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. "नीट बसली नव्हती," म्हणत त्यानं परत कळ्या लावल्या. परत डावीच पडली. मग त्या बहाद्दरानं डावी कळी अंगठ्यानं दाबून दाबून बसवली आणि उजवी नुसती टेकवली. ती टपकन पडली.

"दिला आईनं उजवा कौल," दत्तोबानं डोळे मिटून हात जोडले. मागच्यांनीही जोडले. बायडाबाईची नजर त्या दाबून बसवलेल्या कळीवर होती. चिंगी थंडीनं काकडत होती तेव्हा कुणाला कळी लावायचं सुचलं नव्हतं.

पण कोयता चालवणार कोण? कौल उजवा असला तरी कुणी पुढं होईना. पाटील तर दोन पावलं मागंच सरला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कोयता बायडाबाईपुढं धरला.

"बायडे, तूच तोड. तुझ्या हाताला आदीच दोष लागलाय. आनकी एकानं काय व्हतंय?"

"आई तुमाला व्हय म्हनली न्हवं? मग तुमीच तोडा की."

"लय बोलू नगंस. उद्यापास्नं गावच्या रानात पाय ठिवू देनार न्हाई. मग बघू मोळी कुटनं बांधतीस."

मोळी बंद म्हणजे चूल बंद. तिला ते कळत होतं. पण ह्या माणसाला देवीचं भय कधी नव्हतंच, हेही तिला आत्ताच कळलं होतं. ह्या मेल्याच्या शब्दावर आपण मातीत नाक घासलं! तिला त्याची शिसारी आली, आणि स्वतःच्या भाबडेपणाचीही. ती देवीकडं पाठ न करता बाजूला वळली आणि पाटलाच्या पायाशी थुंकली.

"ऱ्हाऊ दे तुमचं रान तुमाला. उपाशी मरंन, पन हितल्या पानाला हात लावनार न्हाई."

मग बुधा पुढं झाला. आता हा चार शब्द सुनावणार, असं बायडाबाईला वाटलं. बुधानं तिच्याकडं न बघता पाटलाच्या हातातला कोयता घेतला.

"बाईमानसाचं काय मनावर घ्यायचं पाटील," तो म्हणाला. "रान तेवडं बंद करू नगा."

त्यानं पायातली फाटकी पायताणं काढली, एकाशेजारी एक नीट ठेवली, वाघजाईला नमस्कार केला आणि आत जाऊन पहिला घाव घातला. बायडाबाई त्या पायताणांकडं बघत राहिली. पाटलावर थुंकून मोकळं होता आलं होतं. ह्या माणसापुढं मात्र तिला रोज भाकरी वाढायची होती.