विहारातला कॉम्प्युटर घरोघरी फिरवणारे गुरुजी

गुरुजींनी अभ्यासिकेच्या रजिस्टरमधून माझं नाव कापलं होतं. लाल पेनाने, सगळ्यांसमोर.

आज सकाळी गुरुजी गेले.

आर्णीजवळच्या आमच्या वस्तीत त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून विहारात अभ्यासिका सुरू केली. संध्याकाळी सहा ते आठ. गैरहजेरी चालत नसे.

वस्तीतल्या नोकरीवाल्या पोरांनी वर्गणी करून विहाराला एक कॉम्प्युटर दिला होता. नेटच्या डोंगलसकट. तो कपाटात, कुलपात. किल्ली गुरुजींच्या खिशात. एकेकाला पंधरा मिनिटं, आणि खुर्चीच्या मागे स्वतः गुरुजी उभे.

"घरी नेट आलं का पोरगं गेलं समजा," हे त्यांचं ठाम मत. लग्नात, बारशात, कुठेही ऐकवायचे.

तेव्हा मी बारावीत होते. सायन्स. दिवाळीनंतर कॉलेजला गणिताचे सरच नव्हते. बदली झाली, नवीन कोणी आलंच नाही.

मला इंजिनिअर व्हायचं होतं आणि इंटिग्रेशनचा इ कळत नव्हता.

घरात एकच मोबाइल. तो बाबांच्या खिशात, आणि बाबा पिकअप घेऊन दिवसभर बाहेर. आई कापसाच्या जिनिंगवर कामाला, ती आठला यायची. धाकटा भाऊ चार वर्षांचा, त्याला टाकून विहारात जाणार कशी?

पंधरा दिवस मी विहारात गेले नाही. नाव कापलं गेलं.

नाव कापलं की गुरुजी त्या पोराच्या घरी जाऊन आईबापाला सुनावत. आमच्याकडेही आले. मी चुलीपुढे, भाऊ मांडीवर, पिठाच्या डब्याला टेकवून गणिताची वही.

"काहून येत नाही वं विहारात? लय शायनी झाली का?"

मला रागच आला. म्हटलं, "कवा येऊ गुरुजी? आई आठले येते. याले कोनापाशी ठेवू? मले पहाटं पाचले टाइम भेटते, तवा तुमच्या कपाटाले कुलूप रायते."

माझी भाकरी करपली, तरी गुरुजी दारातच उभे.

मग विचारलं, "गनित कोन शिकवते तुले?"

"कोनीच नाही."

रविवारी विहारात मीटिंग लावली. म्हणाले, कॉम्प्युटर आता घरोघरी जाईल, एकेका घरी एक आठवडा. गलकाच झाला. वस्तू विहाराची आहे, घरी गेली की बिघडेल, पोरं सिनेमे बघतील. आणि तुम्हीच तर नाही म्हणत होते!

गुरुजी म्हणाले, "पावसाळ्यात, वर्षावासात, धम्माचा ग्रंथ घरोघरी फिरते ना? आज याच्या घरी वाचन, उद्या त्याच्या घरी. तवा कोनी म्हनते का, विहाराचा हाये, घरी नका नेऊ म्हनून? मंग हे काहून नाही फिरनार?"

आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं.

पहिला आठवडा आमचा.

आता गंमत ऐका. आमच्याकडे वाचन घरी येतं तेव्हा घर सारवतात, टेबलावर पांढरं कापड घालतात, फुलं, मेणबत्ती, शेवटी सगळ्यांना खीर. आईला वाटलं, याचंही तसंच. तिने जिनिंगला सुट्टी टाकली. शेजारच्या बाया चपला बाहेर काढून, पदर सावरून रांगेत बसल्या. कॉम्प्युटरपुढे मेणबत्ती!

गुरुजी हसून हसून खाली बसले. "अवं बाई, याची वंदना नाही कराची. हे चालू कराचं हाये!"

खीर मात्र दोन वाट्या खाल्ली.

खरं सांगते, पहिल्या पहाटे मी तासभर मेहंदीच्या डिझाइन बघितल्या. दुसऱ्या पहाटे गणित लावलं.

एकच लेक्चर मी नऊ वेळा बघितलं. नऊ वेळा! मागे कोणी "आटप वं" म्हणणारं नव्हतं, ढ म्हणून हसणारं नव्हतं. नवव्यांदा कळलं आणि मी एकटीच रडले.

लोक मला आजही विचारतात, पोरांना घरी कॉम्प्युटर, नेट खरंच लागतं का? लागतं. ज्याच्या घरी पहिल्यापासून आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो. पोरं रील बघतात? बघू द्या थोडे. न समजलेलं पुन्हा पुन्हा बघायला पोराला स्वतःची जागा आणि स्वतःची वेळ लागते. विहारातल्या पंधरा मिनिटांत ती मला मिळाली नसती.

परीक्षेआधी गुरुजी दोन घरी स्वतः गेले आणि त्यांचे आठवडे माझ्यासाठी मागून आणले. दोन्ही घरांनी दिले. मी गणितात पास झाले, चांगली पास झाले. आज इंजिनिअर आहे.

मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा गुरुजी अंथरुणाला खिळलेले. आवाज मात्र तोच, वर्गातला.

"मी मेल्यावर लोक भाषनं देतीन. म्हनतीन, गुरुजीनं पोराइले मोबाइल-कॉम्प्युटरपासून दूर ठेवलं, म्हनून पोरं घडले. तू सांगजो, गुरुजी चुकले होते म्हनून."

"असं कसं सांगू गुरुजी?"

"मंग कोन सांगन? वर्ष तुयं जात होतं."

आज दुपारी अंत्यविधीनंतर एका पाहुण्यांनी अगदी तेच भाषण केलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. मी उठले, पण समोर बसलेल्या काकूंचा, गुरुजींच्या बायकोचा, चेहरा बघितला. तशीच खाली बसले.

म्हणून इथे लिहिते आहे. वस्तीतल्या सगळ्यांनी वाचा, त्या पाहुण्यांनाही पाठवा.

आमचे गुरुजी चुकले होते. एका पोरीने चुलीपुढून तोंडावर सांगितलं, तर आठवडाभरात सगळ्या वस्तीसमोर त्यांनी आपलं म्हणणं बदललं. सत्तरीच्या वयात. एवढा मोठा माणूस मी दुसरा बघितला नाही.

सांगितलं, गुरुजी.

जय भीम.